दहा शेक

लिंबाजीमामा पाइपावर उभे राहायचे ते उजव्या पायातली चप्पल काढून. डावा पाय चपलेत, उजवा अनवाणी पाइपावर, हातात व्हॉल्व्ह फिरवायची लोखंडी चावी आणि नजर भलतीकडेच, एखाद्या बाभळीवर नाहीतर रस्त्याने जाणाऱ्या टमटमवर. मी त्यांना पहिल्यांदा असं पाहिलं तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याच्या पायात काटा मोडलाय. "मामा, पिन देऊ का?" असं मी विचारलंसुद्धा. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. पाचेक मिनिटं गेली असतील. मग म्हणाले, "निघालं. अर्ध्या घंट्यात खालच्या शिवारात. सांगा समद्यांला." आणि चप्पल घालून चालायला लागले.

निघालं म्हणजे पाणी. माजलगावच्या धरणाच्या फुगवट्यावर आमच्या गावच्या उपसा सिंचन सोसायटीची मोटर आहे. तिथून पाइप माळ चढून वर येतो आणि माळावरच्या पहिल्या चेंबरपासून गावच्या उसाला, कापसाला पाण्याच्या पाळ्या वाटल्या जातात. मोटरपाशी तेव्हा फोनला रेंज नसायची. मोटर चालू झाली की नाही हे गावाला कळायचं ते लिंबाजीमामांच्या तळपायावरून. चेंबरचं झाकण उघडून बघितलं तर पाणी पोचल्यावरच दिसणार. मामांच्या पायाला ते तिकडून निघाल्याचंच कळायचं. पाइप जरासा थरथरतो म्हणे. मी पुष्कळदा उभी राहून बघितलं, मला कधी काही लागलं नाही.

मामा सोसायटीचे पाटकरी. पाणी सोडायचं, बंद करायचं आणि पाण्यावरून होणारी भांडणं मिटवायची, ही त्यांची नोकरी. मी सेक्रेटरी. बी. कॉम. झालेली सून घरात बसून काय करणार, म्हणून सासऱ्यांनी मला सोसायटीत चिकटवलं. पहिल्या दिवशी मी डोक्यावर पदर घेऊन खुर्चीत बसले. गावातला वडीलधारा माणूस समोर, सवयच ती. मामा दारातून आत आले, मला बघितलं आणि म्हणाले, "बाई, हापिसात सून न्हाई. हापिसात शिक्रेटरी. पदर खाली घ्या आन् रजिस्टर वर घ्या." तेव्हापासून ऑफिसात मी त्यांची 'शिक्रेटरीबाई' आणि 'तुमी', आणि त्यांच्या घरी गेले की 'पोरी' आणि 'तू'. ही वाटणी त्यांनी कधी मोडली नाही. म्हणजे एकदाच मोडली, ते पुढे येईल.

कशातही त्यांचं एकच, "पायाला इचारलं का?" चेअरमन मीटिंगमध्ये तासभर बोलले की मामा मागून म्हणायचे, "चेअरमन, ह्ये पायाला पटत न्हाई." सगळे हसायचे, चेअरमनही. मुलीसाठी युसूफ वडगावचं स्थळ आलं तेव्हा हा माणूस म्हणे पोराच्या अंगणात चप्पल काढून उभा राहिला. "सडा ताजा व्हता. गार लागलं. ज्या घरात दुपारच्याला बी अंगन शिंपत्यात तिथं पोरगी उपाशी न्हाई ऱ्हायची. म्हनलं देऊन टाकू." मथुरामामी, त्यांची बायको, हे ऐकून कपाळाला हात लावायची. "पोराला बघायला गेलतं का अंगनाला?" पण पोरगी सुखात आहे, हे खरं.

माझा स्वभाव नाकावर राग असलेला. एखादी गोष्ट एकदा सांगून कळली नाही की माझं डोकं फिरतं. कामं भराभर उरकायची, रांगेत उभं राहायचं नाही, बस चुकवायची नाही. मामा म्हणायचे, "बाई, तुमी पाण्याच्या फुडं पळता." मला ते कौतुक वाटायचं.

त्या वर्षी पावसाने पाठ फिरवली. श्रावण कोरडा गेला, परतीच्या पावसाने नुसती धूळ भिजवली. दिवाळीपर्यंत धरणाचा काठ इतका मागे सरकला की मोटरची चारी दोनदा पुढे खणावी लागली. साखर कारखान्याच्या आवारात जनावरांची छावणी पडली, आणि लोक ऊस तोडून तिथेच चारा म्हणून न्यायला लागले. पाळीचं पाणी दर घराला घटकाभर. अशा वेळी पाटकरी म्हणजे देव नाहीतर चोर, मधलं काही नाही. मामांना मात्र कुणी चोर म्हटलं नव्हतं. त्यांनी "आलं" म्हटलं की आलं, "न्हाई" म्हटलं की न्हाई.

कंबर त्यांची दिवाळीपासूनच धरली होती. दुपारी ऑफिसच्या फरशीवर उताणे पडायचे. "गारव्याला बरं वाटतं," म्हणायचे. मी बाम आणून दिला. लघवीला सारखं उठावं लागायचं, तेही आम्ही बघत होतो, पण म्हातारपण म्हणून सोडून दिलं. हे बाईमाणसाला सांगायचं नसतं असं त्यांना वाटायचं, आणि विचारायचं नसतं असं मला.

मग संक्रांतीच्या आसपास तो दिवस आला. सकाळी मामा पाइपावर उभे राहिले. बराच वेळ उभे होते. म्हणाले, "न्हाई निघालं. लाईट नसंल तिकडं. जा घरी समदे." शेवटच्या चेंबरवर पाळी गंगाधरची होती. तोही गेला घरी. आणि पाणी आलं. ते आधीच निघालेलं होतं. गंगाधरच्या उघड्या चेंबरातून तासभर पाणी ओढ्यात वाहून गेलं. दुष्काळात. गंगाधर ऑफिसात येऊन टेबलावर हात आपटत ओरडला, "म्हातारा झोपला व्हता बे! माझा ऊस वाळतोय आन् वढ्याला पाळी दिली ह्यानं!" दारात गाव गोळा झालं. मामा भिंतीला टेकून उभे.

मीही सोडलं नाही. म्हटलं, "मामा, पायाला विचारलं होतं ना? मग?" चारचौघांत बोलले. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. माणसं पांगल्यावर त्यांनी बाकावर बसून उजव्या पायाची चप्पल काढली, अंगठ्याने तळवा दाबला, मग नखाने ओरखडा काढला. वर बघून म्हणाले, "बाई, पाय मुका झालाय. दोनी बी. लई दिवस झाले, कापसावर चालल्यावानी वाटतंय." मला लाज वाटली. पण बोलून गेलेलं परत कसं घेणार?

माजलगावच्या डॉक्टरांनी फोटो काढला, मणक्यावर बोट ठेवलं आणि शहरातल्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली. शहर आमच्यापासून बसने चार तास. बरोबर मी गेले. मथुरामामीला शहरातलं काही कळत नव्हतं, मुलगी बाळंतीण होती, आणि मी चारचौघांत बोलले होते. तीन फेऱ्या झाल्या. रक्त, मशीनमधले फोटो, गाठीचा तुकडा काढून तपासणी. तिसऱ्या फेरीला एका तरुण डॉक्टरने मला बाजूला घेतलं. कॅन्सर आहे म्हणाला. मूळ लघवीच्या पिशवीखालच्या ग्रंथीत, तिथून मणक्यात उतरलेला. मणक्यातून जी दोरी पायांना निरोप नेते ती दाबली जातेय. मला त्या क्षणी काही वाटलं नाही. मी फक्त म्हणाले, "बरं. मग पुढं?"

मामा बाकड्यावर बसले होते. मी सांगितलं, मणक्यात गाठ आहे, खालचा निरोप वर येत नाही म्हणून पाय मुका. त्यांनी मान हलवली. "म्हंजी चेंबरात गाळ आलाय म्हना की. काढत्याल?" मी म्हटलं, काढतील. त्यांना कॅन्सर हा शब्द मी सांगितला नाही. त्यांनीही विचारला नाही.

त्या दिवशी एक इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या. मग तो तरुण डॉक्टर कागदावर इंग्रजीत काहीतरी लिहीत म्हणाला, "मणक्याला शेक द्यावे लागतील. दहा. रोज एक. उशीर करू नका, उद्यापासूनच चालू करा." त्याच्यामागे तीस-चाळीस माणसं दाटून उभी. मी विचारलं, "कुठं घ्यायचे?" मला म्हणायचं होतं, इथं की गावाकडं. तो मान वर न करता म्हणाला, "पाठीला. कमरेच्या जरा वर, दुखतं तिथेच. खाली सतरा नंबरला कार्ड काढून घ्या." आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

सतरा नंबरची खिडकी बंद होती. जेवणाची सुट्टी, तीनला उघडणार. आमची बस अडीचची. आणि त्याच संध्याकाळी गावात शेवटची पाळी सुटायची होती. धरणात पिण्यापुरतंच पाणी उरलं होतं, म्हणून आम्हाला दहा दिवस उपसा करायची परवानगी होती, नंतर बंद. ह्या दहा दिवसांवर गावचा उरलासुरला ऊस. मामा कंबर धरून उठलेच, "चला बाई. पानी वाट बघत न्हाई." मी हातातला कागद उलटासुलटा केला. इंजेक्शन झालं होतं, गोळ्या पिशवीत होत्या. राहिला शेक. कार्ड म्हणजे पुढच्या खेपेचा केसपेपर असणार. मी म्हणाले, माझ्या तोंडाने म्हणाले, "शेकायला काय शहर लागतं का मामा? मामी देतील घरी."

ते हसले. "मथुरीच्या हातचा शेक म्हंजी काय! बाळंतपनं केलीत तिनं गावाची."

मथुरामामीने पऱ्हाट्यांचा जाळ केला, लोखंडी तव्यावर जाडं मीठ तापवलं, मामांच्या जुन्या धोतराच्या फडक्यात त्याची पुरचुंडी बांधली आणि कमरेच्या वर, दुखतं तिथे शेक दिला. मी रोज ऑफिस सुटलं की त्यांच्याकडे जायची आणि दारातूनच विचारायची, "कितवा?" मामा पालथे पडल्या पडल्या सांगायचे, "तिसरा." "चौथा. आज कडक व्हता." आमच्याकडे तेव्हा दोन मोजण्या चालल्या होत्या, पाळीचे दहा दिवस आणि शेकाचे दहा दिवस, आणि दोन्हीत मी एक दिवस चुकू दिला नाही. पाळीवर मामा स्वतः जात होते. पाइपावर उभे राहत नव्हते, मोटरपाशी माणूस ठेवून दुचाकीवरून निरोप मागवत होतो. पण व्हॉल्व्ह दुसऱ्या कुणाला फिरवू देत नव्हते.

दुखणं कमी झालं. खरंच झालं. मामी खूश, मी खूश. ते त्या गोळ्यांनी झालं होतं, हे मला नंतर कळलं. तेव्हा मी मामीला म्हटलं, "बघा मामी, तुमच्या हाताला गुण आहे." ती तोंडाला पदर लावून हसली.

सहाव्या दिवशी मामीने मला आत बोलावलं. मामांच्या कमरेवर तळहाताएवढा फोड आला होता, पाणी भरलेला. "मीठ जास्तीचं तापलं व्हय गं? पर ह्यांनी 'स्स' बी न्हाई केलं. म्या इचारलं, भाजतंय का? म्हनले, न्हाई." मी फोडाकडे बघत उभी राहिले. ज्या माणसाला पाइपातलं पाणी तळपायाने कळायचं त्याला पाठीवरचा निखारा कळला नव्हता. त्याच वेळी मी त्यांना गाडीत घालून न्यायला हवं होतं. मी म्हणाले, "मीठ कमी तापवा, मामी. फोड चुकवून द्या." आणि घरी गेले, भाकरी केल्या. हे वाक्य मी स्वतःशी किती वेळा म्हटलं असेल, देव जाणे. मीठ कमी तापवा.

आठव्या दिवशी दुपारी मामा गंगाधरच्या चेंबरवर खाली बसले, व्हॉल्व्ह उघडला आणि उठलेच नाहीत. गंगाधरला वाटलं, बसलेत. मग त्यांनी हाक मारली, "गंग्या, माझं पाय कुठं हायेत बघ रं." गंगाधर आधी हसला. मग त्याने त्यांना पाठीवर घेतलं आणि ऊस तुडवत, स्वतःचाच ऊस, रस्त्यापर्यंत पळत आणलं. ऑफिससमोर जीप उभी केली तेव्हा तो रडत होता. मामा त्याच्या खांद्यावरून मला म्हणाले, "बाई, पानी चालू हाय. बंद करायला मानूस धाडा."

त्या दिवशी मामीला घेऊन शहरात पोचलो तेव्हा लघवीही अडली होती. नळी घातली. तोच तरुण डॉक्टर आला. त्याने फाइल उघडली, पानं मागेपुढे केली. "शेक घेतले का?"

"हो," मी म्हणाले. "सात झाले. आजचा आठवा राहिला."

"कुठे? दुसऱ्या दवाखान्यात?"

"घरी. मामींनी दिले."

त्याला पहिल्यांदा कळलं नाही. मग कळलं. मामी त्याच्यासमोर उभी होती, आणि तिला वाटलं तो पद्धत विचारतोय. ती सांगायला लागली, "जाडं मीठ घेतलं साहेब, बारीक न्हाई..." डॉक्टर खाली बसला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो हळू आवाजात म्हणाला, "ताई, आमच्याकडे शेक म्हणतात ते मशीनचे किरण. गाठ जाळायचे. ते इथेच, तळघरात. म्हणून कार्ड सांगितलं होतं." मग म्हणाला, "मीही नीट सांगायला हवं होतं." मी खिडकीबाहेर बघत होते. तिथे नारळपाणीवाला नारळ सोलत होता. त्याने तीन नारळ सोलले, ते मला आजही दिसतात.

मोठे डॉक्टर संध्याकाळी आले. त्यांनी सुईने मामांचे पाय टोचून बघितले. मला बाहेर नेऊन सांगितलं की शेक सुरू होताना जो रुग्ण चालत असतो तो बहुतेक चालता राहतो, पण एकदा पाय गेले की परत येणं अवघड. आपण देऊ, दुखणं थांबेल. पायांचं सांगता येत नाही. मी म्हणाले, "आठ दिवसांपूर्वी ते चालत आले होते." ते म्हणाले, "हो, कागदावर लिहिलंय."

दुसऱ्या दिवसापासून खरे शेक सुरू झाले. पाठीवर शाईच्या खुणा केल्या, त्या मिठाच्या फोडापासून चार बोटं वर. स्ट्रेचरवरून तळघरात न्यायचे, जाड दार बंद व्हायचं, आणि मामीची पुरचुंडीही बांधून झाली नसती एवढ्या वेळात परत बाहेर. पहिल्या दिवशी बाहेर आल्यावर मामा म्हणाले, "झालं? ह्यो कसला शेक बाई? ह्यो तर थंड हाय." मग मामीकडे बघून, "आमच्या मथुरीचा शेक लई झ्याक. जाळ तरी दिसायचा."

मामीने मला त्या रात्री धर्मशाळेत विचारलं, "आपलं काय चुकलं का गं?" मी म्हणाले, "नाही मामी. शेकाचे दोन प्रकार असतात. आधी घरचा, मग दवाखान्याचा." तिने विश्वास ठेवला. मामांनाही मी हेच सांगितलं. त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं, आणि म्हणाले, "असं व्हय."

दहा झाले. दुखणं गेलं. पाय आले नाहीत. इकडे गावात पाळी आठव्याच दिवशी बंद पडली, कारण मामांशिवाय वाटप कुणाला जमेना आणि भांडणं झाली. अर्धा ऊस छावणीत गेला. मला कुणी काही बोललं नाही. बोलणार काय? त्यांना कुणाला माहीतच नव्हतं. गावात सगळे म्हणायचे, "शिक्रेटरीबाईनं पोटच्या पोरीवानी केलं." मी ऐकून घ्यायची. हातापायांना मुंग्या येतात तसं काहीतरी माझ्या आतच झालं होतं, आणि ते उतरत नव्हतं.

मामा अंगणात बाजेवर पडून असायचे. कुणी भेटायला आलं की पाण्याचीच चौकशी. मी गेले की मुद्दाम पायावरचं पांघरूण काढायला लावायचे, "हवा लागू द्या त्यास्नी. मुके असले तरी आपलेच हायेत." पावसाळा पडला, बरा पडला. धरणाचा काठ परत मोटरच्या जवळ आला. दिवाळीनंतर पहिली पाळी सुटणार होती. मामा म्हणाले, "मला चेंबरावर न्या. पायाला इचारायचंय." मामी म्हणाली, "कशाला जिवाचे हाल?" पण गंगाधर पिकअप घेऊन आला, प्लास्टिकच्या खुर्चीसकट त्यांना उचलून पहिल्या चेंबरपाशी ठेवलं, आणि मोटरवाल्याला फोन लावायला टेकाडावर गेला. आता तिकडे थोडी रेंज यायला लागली होती.

आम्ही दोघंच होतो. मी खाली बसले, त्यांच्या उजव्या पायातला मोजा काढला आणि पाय दोन्ही हातांनी धरून पाइपावर टेकवला. तो इतका हलका झाला होता. मग माझ्या तोंडून निघालं. ठरवून नाही. "मामा, घरचा शेक द्यायचा नव्हता. दोन प्रकार वगैरे काही नसतं. डॉक्टर मशीनचा म्हणाला होता. मला कळलं नाही, आणि मी बस चुकेल म्हणून विचारलंही नाही. मी थांबले असते तर तुम्ही आज चालत आला असता." एवढं बोलले. रडू आलं नाही. पाय धरून बसले होते.

मामा बाभळीकडे बघत होते. पाच मिनिटं गेली असतील, जास्तही असतील. मग म्हणाले, "आलं."

"काय?"

"पानी. निघालं तिकडून. पायाला कळतंय, पोरी."

घराबाहेर त्यांनी मला पोरी म्हटलं ते तेव्हाच. मी पाइपावर माझा तळवा ठेवला. तेवढ्यात गंगाधर टेकाडावरून ओरडत आला, "मामा, लाईट न्हाई वं! मोटर अजून चालूच न्हाई झाली!" मामांनी त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे नाही. "असं व्हय," म्हणाले. लिंबाजीमामा उभ्या आयुष्यात पाण्याबद्दल एकदाच खोटं बोलले, आणि ते माझ्यासाठी. मी मोजा चढवला. पाणी त्यानंतर तासाभराने आलं, आम्ही तोवर थांबलो होतो.

पौषात ते गेले. झोपेतच गेले, मामी म्हणाली. मी मातीला गेले, परत आले, ऑफिस उघडलं. पाळीचं वेळापत्रक फळ्यावर लिहायचं होतं ते लिहिलं. खडू हातात होता, म्हणून खाली अजून एक ओळ लिहिली: "दवाखान्याने शेक सांगितला तर तो मशीनचा असू शकतो. नीट विचारल्याशिवाय घरी घेऊ नये. – सेक्रेटरी." वेळापत्रक दर पाळीला पुसलं जातं, ही ओळ मी पुसत नाही. नवे चेअरमन म्हणाले, "बाई, पाणी सोसायटीच्या फळ्यावर हे कावून?" मी म्हटलं, राहू द्या. राहिली आहे.

मागच्या उन्हाळ्यात तेलगावकडची एक बाई नवऱ्याच्या दवाखान्याची फाइल छातीशी धरून बसची वाट बघत ऑफिसच्या सावलीला बसली होती. तिने फळा वाचला, अक्षर लावत लावत. मग दारात आली. "बाई, ह्यो मशीनचा शेक... लई भाजतो का वं?"

"न्हाई," मी म्हणाले. "थंड असतो."

ती जायला निघाली. मी रजिस्टर मिटलं, चप्पल घातली आणि म्हणाले, "थांबा. कागद बघू द्या. आणि बस जाऊ दे, दुसरी आहे."